परबांच्या फोल्डरमधलं ‘झाले’

असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता, आणि आता बसलाय असंही म्हणणार नाही. सव्वीस वर्षं छपाईच्या कामात आहे. मोजलं आणि जुळलं तरच खरं, एवढंच मला कळतं. हे जुळलं नाही, म्हणून लिहितेय.

आमचा प्रेस प्रभादेवीला. स्कॅनिंग गिरगावच्या शाखेत व्हायचं आणि मोठ्या फाइल्स एफटीपी सर्व्हरवरून आमच्याकडे यायच्या. ते सगळं गिरगावचं स्कॅनिंग बघणाऱ्या परबांनी बसवलेलं. फाइल अर्धवट आली तरी त्या सर्व्हरला पत्ता नसायचा, म्हणून परबांची एक पद्धत होती — फाइल पूर्ण गेली की त्याच फोल्डरमध्ये ‘झाले’ नावाची एक रिकामी फाइल टाकायची. एकदा मी घाईत ‘झाले’ न बघताच लग्नपत्रिका छापायला घेतली... मुलीकडची नावंच नाहीत. परब एवढंच म्हणाले, "ताई, भात शिजला की नाय बघितल्याशिवाय घरी वाढता काय?"

तीन वर्षांपूर्वी गिरगावला एक फाइल पाठवत असतानाच ते खुर्चीत कोसळले. गेले. फाइल त्यांच्या घरचीच होती. लग्नातला एकुलता एक फोटो, अंतरपाट खाली आला त्या क्षणाचा. बोटाच्या पेराएवढे चेहरे. "तू तेव्हा माझ्याकडे बघितलंसच नाहीस," असं ते बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, सत्तावीस वर्षं चिडवत, आणि वहिनी म्हणत, बघितलं होतं. फोटो मोठा करून एकदाचा निकाल लावायचा होता. मूळ फोटो त्यांच्या बॅगेत होता, ती हॉस्पिटलच्या धावपळीत गेली. माझ्याकडे आलेल्या फाइलमध्ये दोघांच्या मुंडावळ्यांपर्यंतच चित्र, खाली सगळं करडं. वहिनींनी दोन-तीनदा विचारलं, खालचं काही मिळेल का? पण गिरगावची शाखा बंद झाली, तिथला कॉम्प्युटर भंगारात गेला.

यंदा मालकांनी एफटीपी बंद करून नवी क्लाउड सर्व्हिस घ्यायचं ठरवलं. ‘झाले’ नसलेले फोल्डर तिकडे जाणार नव्हते, पुसले जाणार होते. सोमवारी सर्व्हर फक्त वाचण्यापुरता ठेवला. त्यात नवं काही टाकता येत नव्हतं. मी तीनदा मोजलं. फोल्डर ६,२१४, ‘झाले’ ६,२१३. राहिलेला एक कुठला, ते मला माहीत होतं. त्याची अर्धी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन ठेवली — ११ एमबी.

शनिवारी दुपारी, फाइल्स क्लाउडवर हलवायचं काम बघणारी श्रुती म्हणाली, "मॅडम, सगळे आले. ६,२१४."

मी म्हटलं, परत मोज. तिने मोजलं. तेवढेच.

परबांचा फोल्डर उघडला. आत ‘झाले’ होतं, वेळ त्याच दुपारची, ३.०७. फाइल २४ एमबी. पाठवणाऱ्याच्या जागी परबांचं लॉगिन — जे मी स्वतः तीन वर्षांपूर्वी बंद केलं होतं. श्रुती आधी हसली, तुम्हीच टाकली असेल म्हणाली. मग तिने नोंदी पाहिल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून पाहायला लागली.

संध्याकाळी मोठी प्रिंट काढून काळाचौकीला गेले. वहिनींनी चष्मा पुसला, प्रिंट खिडकीपाशी नेली. परब सरळ, ताठ, कॅमेऱ्याकडे बघतायत. आणि वहिनी, मान खाली, पण डोळे तिरके... त्यांच्याकडे.

वहिनी भिंतीवरच्या त्यांच्या फोटोकडे वळून हळूच म्हणाल्या, "बघितलं होतं हो. तुम्हीच नव्हतं बघितलंत."

मग मला म्हणाल्या, "ताई, बसा. चहा टाकते."

श्रुतीने नंतर आणखी दोघांना विचारलं. त्यांनीही नोंदी पाहिल्या; तेच लॉगिन, तीच वेळ. पेनड्राइव्हवरची फाइल मी अधूनमधून उघडते. ती अजून ११ एमबीच आहे, मुंडावळ्यांपर्यंत. उरलेले १३ एमबी कुठून आले, मला माहीत नाही. मी मोजायचं सोडलंय.