पाखराखालची फांदी

आमच्याकडे पाखरू म्हणजे ज्वारीवरून गोफणीने हाकलायची चीज. कुणी त्याचं पीस न् पीस न्याहाळत बसेल, हे मला मलकापूरच्या शाळेत कळलं. महाराष्ट्र तेव्हा नवा होता आणि मी मॅट्रिकला होते. चित्रकलेच्या बाईंकडे एक जाड पुस्तक होतं. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या चित्रकारांनी काढलेली फुलं आणि पाखरं त्यात होती. एका चित्रात तळहाताएवढं गुलाबी फूल, मागे धुक्यातलं रान, आणि फुलापुढे अंगठ्याएवढं पाखरू. अधांतरी. "ते बसत नाही, हवेतच थांबून मध पितं," बाई म्हणाल्या. माझा त्या पाखरावर जीवच जडला.

मला बुलढाण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं होतं. वडिलांनी मात्र स्थळ शोधलं. मुलीच्या हातचं भरतकाम पाहुण्यांपुढे ठेवायची रीत होती, म्हणून मी ते चित्र कापडावर उतरवून घेतलं आणि पाखरू भरायला बसले. महिना लागला. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मायने ते हातात घेतलं.

"हे बसलं कुठी?"

"बसत नाही ते."

"फांदी भर त्याच्याखाली."

"काऊन?"

"भर, सांगतलं ना."

राग तर माझ्या नाकावरच असायचा. पाखरू बसलेलंच बरं, उडतं पाहुण्यांना दिसायला नको, असाच अर्थ मी काढला. दातओठ खात तपकिरी धाग्याने फांदी भरली.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या आईने विचारलं, लग्नानंतर काय करशील. मी सरळ सांगितलं, आधी शिकायचं आहे, मग शिकवायचं आहे. मंडळी चहा पिऊन गेली ती गेलीच. वडील आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी मायच त्यांना म्हणाली, "जाऊ द्या तिले. घरात ठेवून काय लोणचं घालता?" तरी माझा तिच्यावरचा राग गेला नव्हता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातली मी.

निघायच्या दिवशी सकाळी, मुद्दाम तिच्यासमोर बसून, मी ती फांदी टाका टाका उसवली. माय माझी ट्रंक भरत होती. ती हातातलं काम थांबवून बघत राहिली.

"एवढं उडते, त थकत नसन का व ते?" ती म्हणाली. "दम खायाले जागा असावी, म्हणून म्हटलं होतं."

मला फार लाज वाटली. तिने कापडाची घडी केली आणि ट्रंकेत सगळ्यात वर ठेवली.

बुलढाण्याच्या होस्टेलवर पहिले पंधरा दिवस मी रोज रडले. मग एका रविवारी बाजारातून तपकिरी धागा आणला. सुईची जुनी भोकं कापडात तशीच होती. नव्याने काही आखावं लागलं नाही.