रविवारच्या गोष्टीला ठिगळ

चार माणसं दर रविवारी एका टेबलाभोवती बसून मन लावून खोटं बोलायला लागली, की किस्से साचणारच. आमचे इतके साचलेत की खेळात काय घडलं आणि खरं काय घडलं, याची माझ्या डोक्यात पार खिचडी झाली आहे. तेव्हा जसे आठवतील तसे सांगतो.

काळ सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा. मी इंग्लंडात, लंडनजवळ मेडनहेडला एका कॉम्प्युटर कंपनीत होतो. तिथला ब्रायन लंच अवरला फाशांचा एक खेळ खेळायचा. बोर्ड नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट सांगणार, बाकीचे त्यातली पात्रं होणार, आणि तलवार लागली की हुकली ते फासे ठरवणार. मला वाटलं, हे तर आपल्या लोकांना झोपेतही जमेल!

मग हाउन्सलोला रिबेकामावशींच्या घरी आमचा अड्डा जमला. मावशी मुंबईच्या, मराठी ज्यू, एअरपोर्टवर कार्गोच्या ऑफिसात नोकरीला. गोष्ट त्या सांगायच्या. आम्ही तिघं खेळायचो: मी, वॉटफर्डचा डॉक्टर वसंत आणि त्याची बायको सुलभा. मावशी तयारी म्हणून काही करत नसत, तोंडाला येईल ते रचायच्या. नियम एकच. टेबलावर बोललं ते घडलं. मागे घ्यायचं नाही. गोष्टीला भोक पडलं तर ठिगळ लावायचं.

*

पहिल्याच रविवारी मावशींनी किल्ल्याच्या कारभाऱ्याला मगरीच्या तोंडी दिलं. दोन आठवड्यांनी तोच कारभारी आम्हाला घोडे विकायला हजर!

"मावशी, हा मेलाय," मी म्हटलं.

"हा जुळा भाऊ."

"मग आम्हाला नावानं कसा ओळखतो?" सुलभा म्हणाली.

"भावानं पत्रात कळवलं असेल."

"कुठून? मगरीच्या पोटातून?"

मावशींनी शांतपणे चहा ओतला. "तेव्हा टपाल चांगलं होतं गं!"

*

हाउन्सलोला विमानं अगदी कौलांना घासून जातात. आवाज असा की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येऊ नये. आम्ही वैतागायचो, मावशी मात्र खूश असायच्या. अवघड प्रश्न आला की त्या एक बोट वर करायच्या, विमान जाऊ द्यायच्या, आणि तोवर उत्तर तयार!

एका रविवारी वारा फिरला आणि विमानं दुसऱ्या बाजूनं उतरायला लागली. आकाश चिडीचूप. आम्ही गुहेच्या दाराशी उभे, आत काय आहे ते मावशींना सुचेना. बोट वर करून त्या खिडकीकडे बघत राहिल्या. शेवटी उठल्या आणि बटाटेवड्यांची ताटली घेऊन आल्या.

"आज हवा बरोबर नाही रे. खाऊन घ्या."

*

माझ्या पात्राचा डावा हात एका लढाईत तुटला. पुढच्या रविवारी मी हे साफ विसरलो आणि राजाच्या दरबारात मोठ्या झोकात ढोलकी वाजवली. सगळ्यांनी दादही दिली.

दाद देऊन झाल्यावर सुलभा म्हणाली, "एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात. ह्यानं ढोलकी वाजवली!"

आता मला वाचवणारा एकच माणूस होता, वसंत. तो भूल देणारा डॉक्टर. लोकांना गुंगवणं हा त्याचा पेशाच. म्हणाला, "हात तुटला तरी मेंदूला तो जाणवत राहतो. ह्यानं अर्धी ढोलकी वाजवली. उरलेली अर्धी दरबाराला जाणवली."

मावशींनी उठून त्याच्याशी हस्तांदोलन केलं.

*

वसंताचं ठिगळ म्हणजे शिवण दिसायची नाही. एप्रिलात समुद्रकाठी असलेलं शहर जूनमध्ये डोंगरात सापडलं. वसंतानं डोळे मिटले आणि एकच शब्द उच्चारला, "ओहोटी."

आम्ही पोट धरून हसलो. सुलभा हसली नाही. मागाहून किचनमध्ये कप विसळताना ती मला म्हणाली, "घरीही हा असाच आहे. कशालाही कारण देतो."

मग तिनं सांगितलं. वसंताची आई मिरजेला एकटी. 'पाच वर्षांत परत येतो' असं सांगून हा निघाला होता. त्याला बारा वर्षं झाली. वॉटफर्डला घर घेतल्याचं कळवलं, आणि त्या दिवसापासून आईचं पत्र बंद. आज दोन वर्षं झाली. हा मात्र दर महिन्याला चार पानं लिहितो: मॉर्गेज, कन्सल्टंटची पोस्ट, मुलीची शाळा. फोन करायचा धीर होत नाही. आई बोललीच नाही तर, याची धास्ती.

"कारणं सगळी खरी आहेत रे," सुलभा म्हणाली. "पण तिनं कारण विचारलंच नव्हतं. मावशींना बोलू नकोस हं. त्याला आवडणार नाही."

मी नुसते कप पुसत राहिलो.

*

एकदा ब्रायनला घेऊन गेलो. मावशी त्याच्यासाठी इंग्रजीत गोष्ट सांगत होत्या. आमचा नियम ऐकून तो हबकला. त्याच्या क्लबात म्हणे चूक झाली की सांगणारा सॉरी म्हणतो, आणि सगळे मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

मावशींना हे फार अळणी वाटलं. त्यांचे आजोबा अलिबागकडे धर्मकथांवर मराठीत कीर्तनं करायचे. प्रलयाची कथा रंगात आली असताना एक आगाऊ श्रोता उठला. नावेत वाघ आणि बकरी शेजारी शेजारी, मग वाघ इतके दिवस काय खात होता?

"मग आजोबा सॉरी म्हणाले?" ब्रायननं विचारलं.

"छे! पेटीवाल्याला खूण केली. जोरात वाजव!"

*

आणि तो नोव्हेंबरचा रविवार. आम्ही तीन राज्यं जिंकून, सिंहासनाबिंहासनावर बसून मजेत चिवडा खात होतो. सुलभा एकदम म्हणाली, "अरे, त्या म्हातारीचं काय झालं?"

कोण म्हातारी? मग आठवलं. मागच्या वर्षी शत्रू पाठीशी असताना आम्ही नदी ओलांडली होती. होडीत जागा नव्हती. घाटावर गाठोडं घेऊन एक म्हातारी उभी होती. वसंतानं तिला सांगितलं होतं, "आजी, इथंच थांबा. संध्याकाळपर्यंत येतो."

खेळातली सात वर्षं उलटली होती. आम्ही सगळेच तिला विसरलो होतो, मावशीसुद्धा.

"भलतंच मोठं भोक पडलं की," मावशी म्हणाल्या.

मी म्हटलं, कुणीतरी दुसऱ्यानं तिला पार नेलं असेल. सुलभा म्हणाली, ती म्हातारी नव्हतीच, देवी होती, परीक्षा बघायला आलेली. दोन्ही ठिगळं चालण्यासारखी होती. पण सवयीनं आम्ही वसंताकडे बघितलं.

वसंत फासा बोटांत फिरवत होता. "बसली असेल," तो म्हणाला.

"सात वर्षं?" मी हसलो.

"थांबा म्हटलं होतं ना आपण." त्यानं फासा खाली ठेवला. "मावशी, मी मागे जातो."

"फौज घेऊन?"

"एकटा."

मावशींनी त्याला कुठेच अडवलं नाही. दरोडेखोर नाहीत, पूर नाही, फासे टाकायला लावले नाहीत. दोन वाक्यांत त्याला घाटावर आणून सोडलं. "बसली आहे," त्या म्हणाल्या. "गाठोडं मांडीवर आहे. तुझ्याकडे बघते आहे. बोल."

वसंतानं घसा खाकरला. "आजी, त्याचं असं झालं... आधी पूल पडला. मग लढाई लागली. मग राजानं मला..."

"असू दे," मावशी मधेच म्हणाल्या. आवाज त्यांचा नेहमीचाच होता, म्हातारीची नक्कल वगैरे काही नाही. "जेवलास का?"

वसंतानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. सुलभा टेबलाकडे बघत होती.

"मावशी," तो म्हणाला, "तुमचा फोन वापरू का? इंडियाला लावायचाय."

"हॉलमध्ये आहे," मावशी म्हणाल्या. "दार लावून घे."