भिंतीकडे बघणाऱ्या सुनंदाताई

कुणी पासवर्ड टाकायला लागलं की सुनंदाताई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. कर्वेनगरात कॉलेजच्या गल्लीत त्यांचा सायबर कॅफे होता, तेव्हापासूनची ही सवय. परदेशातल्या मुलाला ईमेल करायला येणारे एक आजोबा म्हणायचे, "अहो, तुमच्यापासून काय लपवायचं?" ताई भिंतीशीच बोलायच्या, "माझ्यापासूनच सुरुवात करा. सवय लागेल." पुढे घरोघरी इंटरनेट आलं, कॅफे बंद पडला, पण सवय राहिली. आमच्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर त्या राहायच्या. लिफ्टमध्ये शेजारच्यानं फोन उघडला तरी वळायच्या. आम्ही हसायचो.

हसणं थांबलं ते एका शनिवारी. आठवीतली माझी मुलगी सई दुपारी जेवलीच नाही. डोळे सुजलेले, फोन उशीखाली. विचारलं तर "काही नाही". आवाज चढवला, तर खोलीला आतून कडी. शेवटी मी सुनंदाताईंना बोलावून आणलं.

त्या सईशी नाही, आधी माझ्याशी बोलल्या. "फोन काढून घेणार नाही, असं म्हणा. तिला ऐकू जाईल असं." मला रागच आला. घर माझं, मुलगी माझी, फोनचं बिलही मीच भरतो. तरी म्हणालो. "आवाज कमी पडला," ताई म्हणाल्या. पुन्हा म्हणालो. कडी निघाली.

सईला मैत्रिणीच्या नावानं मेसेज आला होता: चुकून माझा कोड तुझ्या फोनवर आलाय, पाठव ना. तिनं पाठवला आणि तिचंच अकाउंट तिला बंद झालं. मैत्रिणीचंही आधीच चोरलेलं होतं. चोर आता एका अनोळखी नंबरवरून सईला धमकावत होता, घरी सांगितलंस तर तुझे सगळे मेसेज वर्गाला पाठवीन. मैत्रिणींबद्दल तेरा वर्षांची मुलगी रागाच्या भरात खासगीत जे लिहिते, ते सगळं त्यात होतं. त्याला झापायला मी फोन ओढला.

"द्या, शिव्या द्या," ताई म्हणाल्या. "म्हणजे घरी कळलंय हे त्याला लगेच समजेल."

मी फोन ठेवला.

"ईमेलचा पासवर्ड पण हाच आहे का गं?" सईनं मान डोलावली. ताईंचा चेहरा उतरला. "मग आधी ईमेल. तो तिथे शिरला तर सगळंच गेलं." पोलिसांना दाखवायला लागतील म्हणून धमक्यांचे स्क्रीनशॉट त्यांनी घेऊन ठेवले आणि फोन सईच्या हातात दिला. "नवा पासवर्ड टाक. कुठेही न वापरलेला." आणि भिंतीकडे वळल्या. मी स्क्रीनकडे बघत होतो.

"तुम्हीही वळा."

"मी बाप आहे तिचा!"

"म्हणूनच. आत्ता तिच्या हातात काहीतरी राहू द्या."

आम्ही दोघं कॅलेंडरकडे बघत उभे. मागे सईची बोटं चालत होती, थांबत होती.

"होत नाहीये काकू."

"सावकाश. घाईतच चूक होते."

शेवटी सई ओरडली, "झालं!"

ईमेल हाती राहिल्यामुळे अकाउंट परत मिळालं. ताईंनी ते बाकी सगळ्या फोन-कॉम्प्युटरवरून बंद करायला लावलं, पासवर्डखेरीज दुसरी खूण विचारायची सोय सुरू करून घेतली. मैत्रिणींना सावध करायला मात्र मेसेज नाही, फोन करायला सांगितलं. एक जण कोड पाठवायच्याच बेतात होती. पण एका मुलीपर्यंत तिच्याबद्दल सईनं लिहिलेलं पोचलंच. ती बरेच दिवस बोलली नाही. सई रोज तिच्याच शेजारी जाऊन बसत राहिली. तिचं मला फार कौतुक वाटलं.

गेल्या वर्षी ताई हॉस्पिटलमध्ये होत्या. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांना खडकीच्या बहिणीशी बोलायचं होतं. सईनं त्यांचा फोन त्यांच्यापुढे धरला आणि सवयीनं भिंतीकडे तोंड केलं. मीही केलं. बराच वेळ झाला तरी फोन काही उघडेना. अशक्त बोटांनी आकडे चुकत होते, फोनची घरघर पुन्हापुन्हा ऐकू येत होती.

"सई," ताई म्हणाल्या, "वळ इकडे. तूच टाक."

त्यांनी तिच्या कानात आकडे सांगितले. मी भिंतीकडेच बघत राहिलो.

थोड्याच दिवसांत ताई गेल्या. ते आकडे मी सईला अजून विचारलेले नाहीत.