संशय कुणावर?

कार्बन पेपरचा वास मला अजूनही सहन होत नाही. नव्वदीच्या दशकातली ती चैत्रातली दुपार, पोलीस ठाण्याच्या खिडकीतून आत घुसलेला रखरखीत उजेड, आवारातल्या कडुलिंबाच्या फुलोऱ्याचा कडसर मंद गंध आणि त्यात मिसळलेला हा तेलकट वास. सगळं एका क्षणात परत येतं आणि मग दिवसभर हातून काही म्हणजे काही धड होत नाही.

कोल्हापुरात मुलींच्या शाळेत मी संस्कृत शिकवत असे. आई गेल्यावर घरात एकटीच उरले होते. सकाळचे दोन तास तेवढी मल्लव्वा असायची. गडहिंग्लजच्या पलीकडची, जिथं माणसं मराठी बोलता बोलता सहज कानडीत शिरतात त्या बाजूची, कपाळावर विभूती लावणारी, खणखणीत आवाजाची बाई. भांडी घासता घासता साऱ्या गल्लीच्या खबरा सांगायची आणि वर माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची. "बाई, ह्या आमटीत मीठ घातलंय का नुस्तं दावलंय?" मी एरवी चांगली फटकळ, पण तिच्यापुढे माझी मात्रा चालत नसे. ती गेली की दुसऱ्या सकाळपर्यंत घरात शब्द म्हणून उमटत नसे.

आईची बोरमाळ कपाटातून नाहीशी झाली तेव्हा मी सैरभैर झाले. घर दोनदा पालथं घातलं आणि तडक ठाणं गाठलं. तिथल्या वयस्क हवालदारांनी कागदाखाली कार्बन घालून शांतपणे सगळं लिहून घेतलं आणि शेवटी विचारलं, "संशय कुणावर? नसला तर नाही म्हणा, तसं लिवतो." मी घुटमळले. त्यांनी विचारलं, घरात येणंजाणं कुणाचं असतं? आता काय सांगावं, माझ्या घरी येणारंजाणारं माणूस या भरल्या गावात एकच होतं! संशय घ्यायलासुद्धा दुसरं कुणी नव्हतं. मी मल्लव्वाचं नाव सांगितलं, आणि किती वर्षं कामाला आहे म्हटल्यावर 'असेल सात-आठ' असं ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावणं गेलं. मीही होतेच. मनातून मला वाटत होतं, हवालदार आता आवाज चढवतील, ही रडेल, काहीतरी कबूल तरी करेल. कसलं काय! त्यांनी माझ्याच शेजारची खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "बसा मावशी. तुमचं काय म्हणणं हाय ते सावकाश सांगा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फिर्यादी मी, चोरी माझ्या घरात, आणि मान हिला? मल्लव्वा मात्र माझ्याकडे न पाहता बोलत राहिली, हवालदार मध्ये न तोडता लिहीत राहिले आणि संपल्यावर तो सगळा कागद, माझ्या तक्रारीतून वर उतरवलेल्या माहितीसकट, त्यांनी तिला वाचून दाखवला. काही चुकलं असलं तर सांगा, म्हणाले.

"एक चुकलंय की. सात-आठ न्हाय, अकरा वर्सं. ह्यांच्या आईचं अंथरुणातलं समदं मीच काढलंय."

हवालदारांनी आकडा खोडला, तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि मग अंगठा घेतला. आईचं दुखणं, ते दीड वर्ष, मल्लव्वाचे ते हात, यातलं एक अक्षरही माझ्या तक्रारीत नव्हतं. मला भयंकर लाज वाटली. त्या लाजेत मी तिच्या आधीच ठाण्यातून बाहेर पडले.

संध्याकाळी ती परसदाराची किल्ली द्यायला आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता, त्यानंच मी जास्त घाबरले. मी म्हटलं, "मल्लव्वा, आत ये, चहा टाकते."

"नगं," ती म्हणाली. "त्यो हवालदार मला वळखतबी न्हाय. त्यानं खुर्ची दिली, माझं ऐकून घेतलं, माझं मला वाचून दावलं. मी अकरा वर्सं तुमच्या घरात राबलो की बाई. तुमी नुस्तं इचारलंबी न्हाईसा."

किल्ली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून ती गेली. पुढे कधीतरी ठाण्याकडून टपाल आलं; तपास करूनही चोर मिळून आला नाही, असं त्यात होतं. बोरमाळेचं दुःख तोवर ओसरलं होतं. सकाळी सात वाजता मात्र कान आपोआप दाराकडे लागत, नि मी स्वतःवरच चिडत असे. एकदा धीर करून तिच्या खोलीवर गेले, तर ती गावाकडे निघून गेल्याचं शेजारणीनं सांगितलं.

तिला आधी विचारायला हवं होतं, हे आता मी कुणापुढेही कबूल करीन. पण समजा विचारलं असतं, आणि ती 'न्हाय' म्हणाली असती, तर मी ते खरं मानलं असतं, की मान डोलावून, चप्पल घालून, तरीही ठाण्याची वाट धरली असती? इतक्या वर्षांत मला याचं उत्तर देता आलेलं नाही. आणि हे मला विचारील असंही आता घरात कुणी येत नाही.