गाळातली वीज आणि काकांचं सोवळं

धरमपुरीपलीकडच्या खाणीवर मी देखरेखीला होतो तेव्हाची गोष्ट. खनिज धुतल्यावर उरलेला गाळ महिनोन्महिने वाळत नसे. मग साहेबाने वाफेच्या इंजिनावर चालणारा डायनामो आणला. गाळात लोखंडी पत्रे रोवून वीज सोडली की पाणी एका पत्र्याकडे ओढलं जाई आणि आम्ही ते उपसत असू. वीज चालू असताना गाळाभोवती बांधलेल्या दोराच्या आत अनवाणी पाय नको, ओलं कापड नको, हातात धातू नको. पत्र्यांपाशी वायूचे बुडबुडे येतात म्हणून दिवाही नको. हे लोकांच्या डोक्यात भरवता भरवता माझा घसा बसला होता.

खंडेनवमीला यंत्राची पूजा ठरली. पूजा सांगायला देवासहून आले माझे काका. त्यांनीच मला लहानाचं मोठं केलेलं. अनवाणी, नेसूचं ओलेतं, एका हातात तांब्याचं ताम्हन, दुसऱ्यात पेटलेलं निरांजन. एक नियम मोडायचा म्हणून शिल्लक नव्हता! म्हणूनच मी यंत्र आधीपासून बंद ठेवलं होतं.

आणि ऐन वेळी इंजिन धडधडलं. इंजिनाच्या चालकाने भक्तिभावाने चालू केलं होतं. नंतर आपल्या माळवी थाटात म्हणतो कसा, "भिया, सोते देव की पूजा थोड़ी होती है!"

काका तोवर दोर ओलांडून गाळाच्या काठाशी पोचले होते. मी ओरडत धावलो.

"शिवू नकोस! सोवळ्यात आहे मी!" म्हणत ते मागे सरकले. मागे गाळ! मी एक पाऊल पुढे, की ते एक पाऊल मागे. चालकाला हाका मारल्या, तर त्या धडधडाटात त्याला कुठलं ऐकू येतंय? तो मेला हात जोडून, डोळे मिटून उभा!

काकांची टाच ओल्या गाळापासून वीतभर राहिली. तेवढ्यात दोराबाहेर मांडलेला नैवेद्य दिसला. मी तिकडे उडी मारली. "काका, हा बघा, शिवलो!" म्हणत पुरणपोळ्यांत अख्खा हात घातला.

"गाढवा!" काका ताम्हन उगारून दोराबाहेर, थेट माझ्या अंगावर आले. ताम्हन खांद्यावर सणसणीत बसलं. देवाशपथ सांगतो, इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

इंजिन बंद करवून मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पुन्हा आंघोळ केली, पुन्हा स्वयंपाक झाला, आणि उपाशी मंडळी माझ्याकडे खाऊ की गिळू अशी बघत राहिली. पूजेला बसता बसता काका नव्या सोवळ्यात उठले, माझ्यापाशी आले आणि सुजलेल्या खांद्यावरून हात फिरवला.

"काका, अहो, शिवलात!"

"कळतंय मला," म्हणाले, आणि तिसऱ्या आंघोळीला गेले.