फोटोपुरतं हेल्मेट

मी ठेकेदारांना विमा काढून देतो. कागदांना हेल्मेट घातलेल्या मजुरांचे फोटो लागतात, म्हणून पाच हेल्मेटं माझ्या गाडीच्या डिकीत कायम असतात.

मलकापुरातल्या एका इमारतीवर एका मजूर बाईंचा कामाचा पहिलाच दिवस होता. वडूजकडच्या, पन्नाशीच्या. हेल्मेट घातल्यावर त्यांनी पट्टा दोनदा ओढून पाहिला. फोटो झाला आणि मी हात पुढे केला. आतला घाम पदरानं पुसून त्यांनी ते परत दिलं.

"आवं सायेब, उद्या जरा लवकर आणा. मी आठालाच वर चढती."

मी "हो" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी कडेगावात होतो. तेच हेल्मेट एका नव्या गवंड्याला घालताना मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.