खोडलेलं सगळं मावशींपाशी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या मावशींइतका हजेरीवर जीव असलेला माणूस अख्ख्या जबलपुरात दुसरा सापडायचा नाही. देवाला फूल वाहायचं एखाद्या दिवशी राहील, पण हजेरी राहायची नाही. नोकरीभर त्या फॅक्टरीत हजेरीच्या खिडकीवर बसल्या आणि रिटायर झाल्या तरी त्या खिडकीतून उठल्याच नाहीत. माझ्या दारात दूधवाला आला की वरून आवाज यायचा, "भैया, आज सात मिनट लेट." एकदा त्यांच्याकडे सत्यनारायण होता, तर गुरुजींनाही आल्याबरोबर वहीत वेळ टाकून सही करायला लावली. गुरुजींनी केलीसुद्धा. मावशींपुढे कोण बोलणार.

अशा मावशींनी आम्हा तिघींना ओपन स्कूलमधून आठवीला बसवायचं मनावर घेतलं. मी चौथी पास. लग्न होऊन विदर्भातून इथे आले तेव्हापासून सही आणि किराण्याची यादी सोडून काही लिहिलं नव्हतं. बाकीच्या दोघींपैकी एक मावशींची पुतणी, मझौलीला दिलेली. दुसरी शहपुऱ्याची, शिवणकाम करणारी. तिघी तीन गावांत, म्हणून मावशींनी मोबाईलवर एक फाइल बनवली. एकच फाइल चौघींकडे उघडायची आणि जी लिहील तिच्या नावाची रंगीत काडी अक्षरांपुढे उभी राहायची. मावशींची निळी, माझी गुलाबी. सकाळी आठला मावशी ग्रुपवर फॅक्टरीचा भोंगा टाकायच्या, स्वतःच्या तोंडाने काढलेला. मग प्रत्येकीने फाइलमध्ये आपल्या नावापुढे 'हजर' लिहायचं. पहिल्या दिवशी मला फाइल उघडताच येईना, तेव्हा मी जिना चढून गेले आणि त्यांच्या दारात उभी राहून "हजर" म्हणाले. मावशींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "खाली जा," म्हणाल्या, "आणि ऑनलाइन ये."

अभ्यास बरा चालला होता, तेवढ्यात ओपनच्या अभ्यासकेंद्रावरच्या मॅडमनी नर्मदेच्या घाटांविषयी तिघींनी मिळून लिहायला सांगितलं. जिचा भाग कोरा, तिचं नाव कटणार आणि परीक्षा गेली पुढच्या वर्षावर. माझ्या वाट्याला तिलवारा घाट आला. "तू मराठीत लिही, हिंदी मी करून देते," मावशी म्हणाल्या. मी रोज दुपारी लिहायची आणि लिहिलं की पुसायची. माझी समजूत अशी, की मेसेज जसा पाठवल्याशिवाय जात नाही तसंच हेही असणार, आपण पुसलं की कोणाला काय कळतं. त्यामुळे मी भलतीच मोकळी झाले होते. चार माणसांत पाणी मागायला लाजणारी मी, त्या फाइलमध्ये मनातलं सगळं ओतायची. एकदा तर लिहिलं, 'मावशीच्या भोंग्याच्या नादात दूध उतू गेलं. या बाईला दुसरं काम नाही.' वाचून एकटीच हसले आणि पुसून टाकलं.

दहाव्या दिवशी शहपुऱ्याहून फोन आला. "दीदी, आज कुछ लिखा नहीं? मैं तो मशीन बंद करके बैठी हूँ."

"काय नाही लिहिलं?"

"अरे वही, जो आप रोज लिखती हो, फिर मिटाती हो. मझौलीवाली और मैं, दोनों पढ़ते हैं. वो भोंगे और दूध वाला तो बहुत अच्छा था."

तव्यावरची पोळी करपली तरी मी फोन धरून उभीच होते.

मग मी वर गेले. जिन्यात दोनदा थांबले. "मावशी, माझं नाव कापा," मी म्हणाले.

"काहून?"

"मला काही जमत नाही. भाग कोराच आहे."

मावशींनी चष्मा लावून मोबाईल नाकापाशी नेला. "कोरा कुठी? नऊ दिवसांचं सारं पडून आहे इथं."

कोणी कधी काय लिहिलं आणि काय पुसलं, ते फाइलमध्ये वेळेसकट जपलेलं असतं, हे त्यांनी केव्हाच शोधून काढलं होतं. फॅक्टरीच्या रजिस्टरमध्ये खोडायला बंदी होती. चुकलं तर वरून एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही. "याले म्हणते रजिस्टर," असं म्हणून त्या माझंच मला वाचून दाखवायला लागल्या. नवी नवरी होऊन तिलवाऱ्याच्या पुलावर आले तेव्हा सासूबाईंनी नदीत टाकायला रुपया दिला होता. सगळ्यांनी टाकला. मी मुठीतच ठेवला, कारण वाटलं, परत जायच्या बसला लागेल.

"हे काहून पुसलं?"

"लोक हसतील."

"मी नाही हसली," मावशी म्हणाल्या आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि दूध उतू गेलं ना, त्या दिवशी भोंगा दोन मिनट लवकर झाला होता. ते तुझं बरोबर आहे."

रुपयाची गोष्ट त्यांनी परत जागेवर आणली. दुधाचं वाक्यही आणलं, त्यावर रेघ मारली आणि बाजूला स्वतःची सही टाकली. हिंदी करतानाही ते सोडलं नाही. केंद्रावर तसंच गेलं. मॅडमनी रेघेखालचं वाचलं असणार, कारण त्या अजून मला पाहिलं की दुधाचा भाव विचारतात.

आम्ही तिघी पास झालो. नंतर मावशींना मुलाने नागपूरला नेलं. त्यांना आता डोळ्यांनी फारसं दिसत नाही. अक्षरं लागत नाहीत, रंग तेवढे कळतात, म्हणतात. वरच्या मजल्याला कुलूप आहे आणि दूधवाला वाटेल तेव्हा येतो. हे सगळं मी वहीत लिहिते आहे, फाइलमध्ये लिहायची माझी अजून हिंमत नाही. पण सकाळी आठला फाइल उघडते. निळी काडी आधीच आलेली असते. काही लिहीत नाही, नुसती उभी असते. मी 'हजर' लिहिते आणि पोळ्यांना लागते.

परवा गॅस संपला, त्या गडबडीत दहा मिनिटं उशीर झाला. फाइल उघडली तर निळी काडी माझ्या नावापुढच्या रिकाम्या जागेत येऊन थांबलेली. मी 'हजर' लिहिलं तेव्हा कुठे ती हळूच बाजूला सरकली. मग मी पुढे 'दहा मिनिटं लेट' असंही लिहिलं. पुसलं नाही. बाजूला सही केली.